समजून घ्या : डेटाबेस म्हणतो ‘एरर ५, कारण १५१०५’... पण याचा अर्थ कुणी सांगायचा?

‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५. या एररचा मजकूर मिळवता आला नाही. कारण : १५१०५.’

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर बॅकअप घेताना किंवा एखादी फाइल उघडताना येणाऱ्या इंग्रजी मेसेजचं हे मराठी रूप. डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींना तो चांगलाच परिचयाचा आहे. जरा नीट वाचा. बिघाड झालाय, हे कळतं. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलाय, हेही कळतं. पण नेमकं काय बिघडलं, हे सांगणारं वाक्यच गायब आहे. आणि ते वाक्य का गायब आहे, याचं कारणही पुन्हा आकड्यातच!

असाच एखादा बिघाड आणखी दोन-तीन टप्पे पार करून खिडकीशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याचे दोनच शब्द उरतात : ‘सर्व्हर डाऊन’. उत्पन्नाचा दाखला असो, कॉलेजची फी असो किंवा रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, हे दोन शब्द ऐकले नाहीत असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

‘अनोळखी एरर’ हा तांत्रिक विषय वाटतो खरा. पण माझं म्हणणं असं आहे की, एरर फार क्वचित अनोळखी असते. बहुतेक वेळा मशीनने कारण सांगितलेलं असतं, ते मध्येच कुणीतरी टाकून दिलेलं असतं. हे कसं होतं, त्याचा छडा कसा लावायचा आणि याची किंमत कोण मोजतं, ते समजून घेऊया.

हा मेसेज येतो कुठून?

डेटाबेस स्वतः थेट डिस्कवर जाऊन लिहीत नाही. फाइल उघडायची असो, त्यात लिहायचं असो किंवा नेटवर्कवरून काही पाठवायचं असो, तो ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करतो. विनंती फेटाळली गेली की ऑपरेटिंग सिस्टिम कारण सांगते. मात्र ते वाक्यात नसतं, आकड्यात असतं.

लिनक्सवर २ म्हणजे अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २४ म्हणजे या प्रोसेसने मर्यादेपेक्षा जास्त फाइल उघडून ठेवल्या आहेत. २८ म्हणजे डिस्कवर जागा उरलेली नाही.

हा आकडा आधी डेटाबेसमधल्या फंक्शनच्या हातात पडतो. ते फंक्शन तो आकडा आपल्या मेसेजमध्ये गुंडाळून वर पाठवतं. तिथून तो ॲप्लिकेशनकडे जातो, तिथून वेबसाइटकडे आणि शेवटी तुमच्या स्क्रीनवर. गावात तलाठ्याने लिहिलेला सविस्तर शेरा वर सरकता सरकता ‘अहवाल प्राप्त’ एवढाच उरावा, तसंच इथे होतं. प्रत्येक टप्प्यावर थोडा तपशील गळतो.

मग तो ‘अनोळखी’ कसा होतो?

याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं : वाक्य आणणारी फाइलच मिळत नाही. विंडोजमध्ये एररचा आकडा एकीकडे आणि त्याचं वाक्य दुसरीकडे ठेवलेलं असतं. ही वाक्यं भाषेच्या वेगळ्या फायलींमध्ये असतात. त्यामुळेच एकच विंडोज वेगवेगळ्या भाषांत दाखवता येतं. १५१०५ या आकड्याचा अर्थ एवढाच की, भाषेची ती फाइल लोड झालेली नव्हती. म्हणजे १५१०५ हा मूळ बिघाड नाहीच. मूळ बिघाड आहे ५, आणि विंडोजमध्ये ५ म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’, परवानगी नाही. पण मोठा आणि विचित्र दिसणारा आकडा डोळ्यांत भरतो. माणूस १५१०५ च्या मागे लागतो आणि साधा ५ बाजूला राहतो.

दुसरं : आकडा एक, शब्दकोश दोन. विंडोजवरचा ५ म्हणजे परवानगी नाही. लिनक्सवरचा ५ म्हणजे वाचता-लिहिताना बिघाड, म्हणजे डिस्क किंवा तिच्या जोडणीतच काहीतरी गडबड असण्याची शक्यता. पहिला बिघाड परवानगी देऊन सुटेल, दुसऱ्यात आधी डेटा वाचवण्याची धडपड करावी लागेल. मायएसक्यूएलची तर आणखी गंमत आहे. त्याचे स्वतःचे काही अंतर्गत कोड १२० पासून सुरू होतात. लिनक्सच्या शब्दकोशात १२१ म्हणजे दूरच्या डिव्हाइसवर वाचता-लिहिताना आलेला बिघाड. मायएसक्यूएलच्या शब्दकोशात तोच १२१ म्हणजे एकच की दोनदा लिहिण्याचा प्रयत्न. टेबल बनवताना येणारा कुप्रसिद्ध १५० हाही ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे. तो फॉरेन की चुकीची लिहिल्याचं सांगत असतो. शब्दकोश चुकला की सगळा शोधच चुकीच्या गल्लीत जातो.

तिसरं : फंक्शनच कारण गिळून टाकतं. मायएसक्यूएलमध्ये ‘लोड फाइल’ नावाचं एक फंक्शन आहे. फाइल सर्व्हरवर नसेल, वाचायची परवानगी नसेल, फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असेल किंवा ठरवून दिलेल्या फोल्डरच्या बाहेर असेल, या सगळ्यांवर ते एकच उत्तर देतं : ‘नल’. म्हणजे रिकामं. चार वेगळे आजार आणि रिपोर्ट कोरा.

याउलट पोस्टग्रेएसक्यूएलला फाइल सापडली नाही, तर तो फाइलचं नाव देतो, ऑपरेटिंग सिस्टिमचं पूर्ण वाक्य देतो आणि वर सूचनाही करतो की, ही फाइल तुमच्या कॉम्प्युटरवरून नाही, सर्व्हरवरून वाचली जाते. दोन्ही डेटाबेसना खालून मिळणारी माहिती सारखीच असते. ती वर द्यायची की नाही, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणून मी ‘अनोळखी एरर’ला निसर्गाचा कोप मानायला तयार नाही.

छडा कसा लावायचा?

तुम्ही विद्यार्थी असाल, एखाद्या छोट्या कंपनीचा सर्व्हर सांभाळत असाल किंवा नुकतेच नोकरीला लागला असाल, तर हा क्रम उपयोगी पडेल.

१. मेसेज पूर्ण कॉपी करा. फक्त पहिली ओळ नको. ओरॅकलमध्ये एरर थरांनी येते. बॅकअप फसला की वर ‘ओआरए-१९५०४’ म्हणतं, फाइल तयार झाली नाही. त्याखाली ‘ओआरए-२७०४०’ जवळपास तेच सांगतं. खरं कारण त्याही खाली असतं : ‘लिनक्स एरर : १३ : परमिशन डिनाइड’. त्यामुळे आधी सगळ्यात खालची ओळ वाचा.

२. सर्व्हर कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे, ते खात्री करून घ्या. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज असेल, पण डेटाबेस लिनक्सवर असू शकतो. आकड्याचा शब्दकोश सर्व्हरचा लागतो, लॅपटॉपचा नाही.

३. आकडा उलगडा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट हेल्पएमएसजी’ आणि पुढे आकडा टाकला की वाक्य मिळतं. मायएसक्यूएलसोबत ‘पीएरर’ नावाचं छोटं टूल येतं. ते ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि मायएसक्यूएलचा, असे दोन्ही अर्थ दाखवतं.

४. काम नेमकं कुणाच्या नावाने चाललंय, ते पाहा. इथे सर्वाधिक गफलत होते. डेटाबेसमधलं फंक्शन फाइल उघडतं, तेव्हा ते तुमच्या लॉगिनने नाही, तर डेटाबेसच्या सर्व्हिस अकाउंटने उघडतं. तुम्हाला ती फाइल दिसते, उघडता येते, याला काही अर्थ नाही. त्या अकाउंटला उघडता येते का, ते तपासा. फाइलची परवानगी असून तिच्या वरच्या एखाद्या फोल्डरची नसेल, तरीही लिनक्सवर १३ च येतो.

५. पत्ता सर्व्हरच्या नजरेतून वाचा. विंडोजवर तुम्ही जोडलेला ‘झेड’ ड्राइव्ह सर्व्हिस अकाउंटला दिसत नाही. मग एरर ३ येते : असा मार्गच सापडत नाही. काही लिनक्स सर्व्हरवर डेटाबेसला स्वतःचं खासगी ‘टेम्प’ फोल्डर दिलेलं असतं. तुम्ही सगळ्यांच्या टेम्पमध्ये फाइल ठेवता, डेटाबेस स्वतःच्या टेम्पमध्ये शोधतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात!

६. परवानगी सगळी नीट आहे आणि तरीही १३? मग लिनक्सवरची ‘एसई-लिनक्स’ किंवा ‘ॲपआर्मर’ ही जादा सुरक्षा तपासा. ती नेहमीच्या परवानग्यांच्या वर बसलेली असते आणि तिचा नकार वेगळ्या लॉगमध्ये नोंदवला जातो.

७. ‘जागा नाही’ म्हणते, पण डिस्क रिकामी दिसते? लिनक्सवर जागेसोबत फायलींच्या नोंदींचीही मर्यादा असते. त्या नोंदींना आयनोड म्हणतात. लाखो बारीक फायली साठल्या की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात आणि एरर तीच येते, २८. याच्या उलटही होतं. मोठी लॉग फाइल डिलीट केली, पण एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरून ठेवली असेल, तर जागा मोकळी होत नाही.

८. वेळ जुळवा. डेटाबेसच्या लॉगमध्ये एरर ज्या सेकंदाला आहे, त्याच सेकंदाचा ऑपरेटिंग सिस्टिमचा लॉग उघडा. डिस्कचा बिघाड असेल, तर तो तिथे बहुधा सविस्तर लिहिलेला सापडतो.

आणि काय करायचं नाही?

घाईघाईत फोल्डरला ७७७ परवानगी देऊन टाकणं किंवा डेटाबेसचं सर्व्हिस अकाउंट थेट ॲडमिनिस्ट्रेटर करणं, हे दोन उपाय हमखास सुचवले जातात. त्याने एरर जाईलही. पण घराची किल्ली सापडेना म्हणून दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार आहे. ज्या फायलीत लोकांचे पत्ते, मार्कशीट, बँकेचे तपशील आहेत, ती त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही अकाउंटला वाचता आणि बदलताही येईल.

दुसरा सल्ला असतो : ‘पुन्हा एकदा करून बघा.’ हा दिसायला निरुपद्रवी आहे. पण त्याची किती मोठी किंमत असू शकते, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलच्या जगाने अनुभवलं.

‘पुन्हा करून बघा’ अंगाशी कसं आलं?

डेटाबेस लिहितो, तेव्हा मजकूर आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत जातो. मग डेटाबेस ‘एफसिंक’ नावाचा आदेश देतो. त्याचा अर्थ, हे सगळं आता डिस्कवर पक्कं उतरव. ते उतरलं नाही, तर एरर येते. पोस्टग्रेएसक्यूएलचा समज असा होता की, एरर आली तर थोड्या वेळाने पुन्हा एफसिंक करू, तोवर मजकूर मेमरीत थांबलेला असेल.

लिनक्सचं वागणं वेगळं होतं. एकदा एरर कळवली की तो मेमरीतला मजकूर ‘लिहून झाला’ अशी खूण करून मोकळा होई. दुसऱ्या एफसिंकला उत्तर मिळे : यशस्वी! डेटा डिस्कवर पोहोचलेलाच नसे आणि डेटाबेस मात्र समजे, सगळं आलबेल.

जगभर वापरला जाणारा, विश्वासार्हतेसाठी नावाजलेला हा डेटाबेस. त्यात ही त्रुटी अनेक वर्षं दडून होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ आणि जुन्या आवृत्त्यांच्या सुधारित प्रतींमध्ये वागणूक बदलली. आता एफसिंक फसलं, तर डेटाबेस मुद्दाम स्वतःला बंद पाडतो आणि आपल्या नोंदवहीवरून पुन्हा उभा राहतो. खोटं ‘यशस्वी’ सांगण्यापेक्षा थांबणं बरं, असं त्यांनी ठरवलं.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच प्रश्न पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूलाइट, रेडिस, लेव्हलडीबी आणि एलएमडीबी या पाच सॉफ्टवेअरवर तपासला. एफसिंक फसल्यावर सावरण्याची एकाचीही पद्धत पुरेशी नाही, असं त्यांना आढळलं. यातलं एसक्यूलाइट तुमच्या हातातल्या फोनमध्येही आहे.

दोष मशीनचा की सवयीचा?

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मोठ्या डेटा यंत्रणांमधले १९८ बिघाड तपासले. त्यातल्या अख्खी यंत्रणा कोलमडवणाऱ्या बिघाडांपैकी ९२ टक्के बिघाडांत एक गोष्ट समान होती. सॉफ्टवेअरला एररची स्पष्ट सूचना मिळाली होती, ती हाताळण्यात चूक झाली. ३५ टक्क्यांत तर चूक अगदी साधी होती. एरर पकडणारा कोड रिकामाच होता किंवा तिथे ‘हे नंतर करू’ अशी टीप लिहून ठेवलेली होती.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसच्या फायली डिलीट केल्या. बॅकअप शोधायला गेले, तर तो नव्हताच. बॅकअपचं टूल जुन्या आवृत्तीचं होतं आणि एरर देऊन बंद पडत होतं. त्या एररचे ईमेलही निघत होते. पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. मशीन रोज ओरडून सांगत होतं आणि ऐकू कुणालाच जात नव्हतं. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती, म्हणून बाकीचं वाचलं. गिटलॅबने मात्र हे सगळं जाहीरपणे लिहून काढलं. आज आपण त्यातून शिकतो, ते त्यामुळेच.

आपल्याकडे काय बदलायला हवं?

इंजिनिअरिंगला डेटाबेस हा एक पेपर असतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा दुसरा. ऑफिसातही डेटाबेसची टीम वेगळी आणि सर्व्हरची वेगळी. आजच्या लेखातली एरर बरोबर या दोघांच्या मध्ये पडते. मग ‘हे आमच्याकडचं नाही, त्या टेबलावर जा’ सुरू होतं आणि लोकांची रांग वाढत जाते. दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा पूर्ण मेसेज हातात असेल, तर या टोलवाटोलवीला जागाच उरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो योग्य आहे. आतल्या फायलींचे पत्ते, युजरची नावं, डेटाबेसची आवृत्ती हे सगळं स्क्रीनवर दाखवलं, तर हॅकरला आयता नकाशा मिळतो. खरंय. सामान्य वापरकर्त्याला ते दाखवूही नये. पण त्यावर उपाय ‘काहीतरी चुकलं’ हा नव्हे. स्क्रीनवर एक संदर्भ क्रमांक आणि वेळ द्या. त्याच क्रमांकाने पूर्ण एरर, सगळ्यात खालच्या ओळीसह, आतल्या लॉगमध्ये ठेवा. माणसाने क्रमांक सांगितला की दुरुस्ती करणाऱ्याला नेमकी नोंद काढता यायला हवी. यासाठी काही नवं तंत्रज्ञान शोधावं लागत नाही.

सरकारी किंवा खासगी, लोकांच्या कामाच्या सेवांची कंत्राटं देताना तीन साध्या अटी घालता येतील. प्रत्येक बिघाडाला संदर्भ क्रमांक हवा. खालच्या थराचा मूळ आकडा आणि वाक्य गाळता कामा नये. आणि सेवा काही तास बंद राहिली, तर कारण सोप्या भाषेत जाहीर व्हायला हवं. ‘डिस्क भरली होती’ हे सांगण्यात कसली नामुष्की? नामुष्की आहे ती दर महिन्याला तीच डिस्क भरण्यात. आणि कारण जाहीर झालं नाही, तर ते आपल्याला कळणारच नाही. ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ‘एरर २८’ म्हटलं की जागा वाढवणं कुणाचं काम होतं, हे विचारता येतं.

दाखल्यासाठी दुसऱ्यांदा रजा टाकणाऱ्याचा दिवस, अर्जाची मुदत हुकलेल्या विद्यार्थ्याचं वर्ष, ही या गाळलेल्या वाक्याची किंमत आहे. ती सर्व्हर सांभाळणारा भरत नाही.

आपण एवढं नक्की करू शकतो. पुढच्या वेळी एखादं पोर्टल अडकलं, तर पान रिफ्रेश करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात पूर्ण मेसेज, तारीख आणि वेळ दिसू द्या. आधार क्रमांक, ओटीपी असे तपशील झाका. तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढंच न लिहिता मेसेज जसाच्या तसा लिहा आणि आकडा असेल तर तो आवर्जून द्या. मुदतीचं काम अडलं असेल, तर हाच स्क्रीनशॉट तुमचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडेल.